मायक्रोफोनचे पैसे कोण भरतो?

१९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री, म्हणजे भारतीय घड्याळाप्रमाणे २० तारखेच्या सकाळी साडेसात वाजता, अमेरिकेतील लास व्हेगास शहरातल्या एका जुगारखाना-हॉटेलच्या नाट्यगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा इच्छुक उमेदवार दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे उभे राहिले. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभे करावे हे तेथे राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून ठरते आणि त्या निवडणुकांच्या आधी इच्छुकांचे असे जाहीर वादविवाद घडवून आणण्याची प्रथा आहे. सुमारे १ कोटी ९७ लाख लोकांनी तो वादविवाद पाहिला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक वादविवादाला तोवर एवढा प्रेक्षकवर्ग कधीच लाभला नव्हता. त्याची ध्वनिचित्रे आजही पाहिली जातात, आपल्याकडेही पाहिली जातात, आणि पाहणाऱ्यांत दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आढळतात. एक म्हणतो, 'पाहा, लोकशाही म्हणतात ती हीच. अब्जाधीशालाही भर सभेत जाब विचारला जातो.' दुसरा, बहुधा जुना कार्यकर्ता, म्हणतो, 'सगळी नाटके. दोन्ही पक्ष भांडवलदारांचेच.' या दुसऱ्या प्रतिक्रियेत तथ्य आहे. परंतु तिच्यात आळसही आहे, आणि आळसाने दिलेले बरोबर उत्तर कामगार चळवळीच्या फारसे उपयोगी पडत नाही.

त्या रात्री प्रेक्षकाला आनंद झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. व्यासपीठावर मायकेल ब्लूमबर्ग प्रथमच आले होते. न्यूयॉर्कचे माजी महापौर, शेअरबाजाराची माहिती विकण्याच्या धंद्यातून त्या वेळी सुमारे ६० अब्ज डॉलरचे धनी झालेले गृहस्थ. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते शर्यतीत उतरले आणि तीन महिन्यांच्या आत त्यांनी केवळ जाहिरातींवर ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. पहिल्या चार राज्यांतील निवडणुका त्यांनी सोडून दिल्या होत्या. ज्या नेवाडा राज्यात हा वादविवाद चालला होता, तेथील मतपत्रिकेवर त्यांचे नावच नव्हते. शिवाय व्यासपीठावर येण्यासाठी उमेदवाराने ठरावीक संख्येने सामान्य देणगीदार दाखवावेत असा पक्षाचा नियम होता. ब्लूमबर्ग कोणाकडून देणगी घेत नव्हते, कारण त्यांना गरजच नव्हती. जानेवारीच्या अखेरीस पक्षाच्या राष्ट्रीय समितीने तो नियम काढून टाकला. तोवर काही उमेदवार पैशाअभावी शर्यतीतून बाहेर पडले होते. त्यांच्यासाठी कोणताही नियम बदलला गेला नव्हता. (देणगीदारांच्या संख्येची ही अट तरी किती निर्मळ, हे २०२३ मध्ये दुसऱ्या पक्षात दिसले. नॉर्थ डकोटाचे श्रीमंत गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणगी देणाऱ्यास वीस डॉलरचे भेटकार्ड देऊ केले आणि आवश्यक तेवढे 'जनतेचे पाठबळ' जमवून व्यासपीठ गाठले.)

आणि मग एलिझाबेथ वॉरेन बोलू लागल्या. स्त्रियांविषयी हीन शब्द वापरणाऱ्या एका अब्जाधीशाशी आपला सामना आहे असे त्या म्हणाल्या, आणि हे वर्णन आपण ट्रम्प यांचे करीत नसून शेजारी उभ्या असलेल्या ब्लूमबर्ग यांचे करीत आहोत, असे त्यांनी त्याच दमात सांगितले. पुढे त्यांनी ब्लूमबर्ग यांच्या कंपनीतील स्त्रियांचा प्रश्न काढला. तक्रार मिटवताना या स्त्रियांकडून मौनाचे करार लिहून घेतले होते. त्या करारांतून तुम्ही त्यांना आत्ता, येथे, मोकळे करता काय, असा तो प्रश्न होता. ब्लूमबर्ग चाचरले. आपला एखादा विनोद कोणाला आवडला नसेल, अशा आशयाचे काहीतरी ते बोलले. सभागृहात हुर्यो उठली. दोन दिवसांनी त्यांच्या कंपनीने तीन स्त्रियांना करारातून मुक्त करण्याची तयारी दाखवली. नोकरांच्या, वकिलांच्या आणि पगारी सल्लागारांच्या वर्तुळात ज्याला वर्षानुवर्षे कोणी उलट उत्तर दिले नाही, असा माणूस उलट प्रश्न विचारला की किती असहाय होतो, हे कोट्यवधी नोकरदारांनी एकाच वेळी पाहिले. मालकाच्या केबिनमध्ये मान खाली घालून उभे राहिलेल्या कोणालाही त्या दृश्याने समाधान वाटले असेल तर त्यात गैर काय? त्या समाधानाला 'भ्रामक' म्हणून हिणवणाऱ्याने आधी स्वतःच्या अनुभवाकडे पाहावे.

तथापि, याच वादविवादात एक दुसरा प्रसंग घडला, आणि डाव्या विचाराच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. बर्नी सँडर्स यांनी मोठ्या कंपन्यांतील काही भागभांडवल आणि संचालक मंडळावरील काही जागा कामगारांना द्याव्यात अशी योजना मांडली होती. ब्लूमबर्ग यांची संपत्ती एकट्या त्यांनीच निर्माण केलेली नाही, त्यांच्या कामगारांचाही तिच्यात काही भाग असेल, असे सँडर्स यांनी त्यांना तोंडावर सुनावले. ('भांडवल'चा पहिला खंड चाळलेल्या वाचकाला हा 'काही भाग' फारच मवाळ वाटेल; पण अमेरिकन दूरचित्रवाणीच्या हवेत तेवढाही धक्कादायक ठरतो.) त्यावर ब्लूमबर्ग यांनी हुकमाचा एक्का काढला. भांडवलशाही फेकून देण्याचा प्रयोग इतर देशांत करून झाला आहे, त्याला कम्युनिझम म्हणत आणि तो फसला, असे ते म्हणाले. पाठोपाठ देशातील सर्वांत प्रसिद्ध समाजवाद्याची तीन घरे आहेत, हा टोमणाही आला. साठ अब्जांच्या धन्याने तीन घरांचा हिशेब मागावा, हा विनोद त्या रात्री कोणाला फारसा जाणवला नाही.

सँडर्स यांनी काय उत्तर दिले? हा घाव हलका आहे, आपण कम्युनिझमबद्दल नव्हे तर लोकशाही समाजवादाबद्दल बोलत आहोत, असे ते म्हणाले. श्रीमंतांसाठी समाजवाद आणि गरिबांसाठी 'ज्याने त्याने आपले पाहावे' हा न्याय आजही चालूच आहे, असेही त्यांनी पुढे सुनावले, आणि ते खरेच होते. परंतु प्रेक्षकाच्या ध्यानात आधीचे वाक्य राहते. आरोप करणारा ज्या शब्दाला शिवी समजतो, त्या शब्दाला आरोपीही शिवीच समजतो. दोघांचा मतभेद केवळ ती शिवी कोणाला लागू पडते याबद्दल. सँडर्स कम्युनिस्ट नाहीत, त्यांनी तसे कधी म्हटलेले नाही, आणि त्यांनी कम्युनिझमचे वकीलपत्र घ्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही. त्या व्यासपीठावर कोणता शब्द उच्चारता येतो आणि कोणता केवळ झटकून टाकता येतो, याचा आहे.

ही मर्यादा जुनी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांमधील पहिला प्रसारित प्राथमिक वादविवाद १७ मे १९४८ रोजी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथून आकाशवाणीवर झाला. वक्ते दोन: न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्युई आणि मिनेसोटाचे माजी गव्हर्नर हॅरल्ड स्टॅसन, दोघेही रिपब्लिकन. विषय एकच: कम्युनिस्ट पक्षाला कायद्याने बेकायदा ठरवावे काय? कोट्यवधी लोकांनी तो ऐकला. स्टॅसन बंदीच्या बाजूने होते. ड्युई यांनी विचारांसाठी माणसांना बेकायदा ठरवणाऱ्या कोणत्याही कायद्याला विरोध केला आणि चार दिवसांनी ऑरेगनची निवडणूक जिंकली. उदारमतवादी इतिहासकार हा प्रसंग अभिमानाने सांगतात. पण ज्या पक्षाच्या जगण्यामरणाची चर्चा तासभर चालली होती, त्याचा एकही प्रतिनिधी मायक्रोफोनसमोर नव्हता. दोन महिन्यांनी, जुलै १९४८ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाच्या ट्रुमन सरकारने त्या पक्षाच्या १२ नेत्यांवर स्मिथ कायद्याखाली खटले भरले. त्यांपैकी ११ जण १९४९ मध्ये दोषी ठरले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वादविवाद ड्युई यांनी जिंकला आणि तुरुंगात कम्युनिस्ट गेले. भारतीय वाचकाला येथे हे आठवेल की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पश्चिम बंगाल सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली होती; आपल्याकडे त्यासाठी वादविवादाचीही गरज भासली नाही.

आता लास व्हेगासच्या त्या हॉटेलकडे परत यावे. कॅमेऱ्यांच्या मागे, वरच्या मजल्यांवर त्या वेळी खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, खालच्या स्वयंपाकघरांत भांडी घासणाऱ्या स्त्री-पुरुषांची संघटना म्हणजे क्युलिनरी युनियनची २२६ क्रमांकाची शाखा. सुमारे ६०,००० सभासद. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित, त्यांतही स्त्रिया अधिक. ही काही कागदी संघटना नव्हे. फ्रंटियर हॉटेलातील तिचा संप सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये विजयाने संपला. सहा वर्षे आणि चार महिने सुमारे साडेपाचशे कामगारांनी दाराबाहेर फेऱ्या घातल्या, आणि एकही संपकरी फुटून आत गेला नाही. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको. अशा लढ्यांतून या संघटनेने सभासदांसाठी आरोग्यविम्याची स्वतःची योजना मिळवली. कुटुंबीयांसह सव्वा लाखाहून अधिक माणसे तिच्यावर अवलंबून होती. आणि सँडर्स यांचा मुख्य कार्यक्रम होता सर्व नागरिकांसाठी एकच सरकारी आरोग्यविमा, ज्यात अशा वेगवेगळ्या योजना विलीन झाल्या असत्या. युनियनच्या नेतृत्वाने वादविवादाच्या आधी पत्रके काढून सभासदांना सांगितले की सँडर्स आले तर आपली योजना संपेल.

वादविवादात हा प्रश्न निघाला. कामगारांनी मिळवलेले लाभ कमी करणाऱ्या कोणत्याही विधेयकावर आपण सही करणार नाही, असे आश्वासन सँडर्स यांनी दिले. इतरांनी युनियनबद्दल एकाएकी उमाळा दाखवला. ज्यांनी एरवी संपाच्या काळात कामगारांची बाजू मोजून मापून घेतली असती, तेही त्या रात्री संघटित कामगारांच्या हक्काचे कैवारी झाले, कारण तो हक्क सर्वांच्या हक्काविरुद्ध उभा करता येत होता. येथे प्रेक्षकाने हसू नये, थबकावे. युनियनचे नेते विकले गेले होते असे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. सहा वर्षांहून अधिक काळ फुटपाथवर काढून जे मिळवले ते एका आश्वासनाच्या बदल्यात सोडून द्या, असे कोणत्या कामगाराला सांगता येईल? जो सरकारी विमा अजून कागदावरच आहे, त्यापेक्षा हातातला दवाखाना मोठा. पण एका संघटनेने आपल्या सभासदांसाठी मिळवलेला किल्ला इतर कोट्यवधी असंघटित कामगारांच्या वाटेतील भिंत कसा बनतो, हेही त्या रात्री स्पष्ट दिसले. आपल्याकडे कायम कामगार आणि कंत्राटी कामगार, राज्य विमा योजनेत बसणारा आणि तिच्याबाहेर राहिलेला, यांच्यात जे घडते त्याचेच हे रूप होते. मालकवर्गाला ही भिंत बांधावी लागत नाही. ती आहे हे मोठ्याने सांगितले की पुरे.

तीन दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, नेवाडाच्या पक्षसभा झाल्या. जुगारखान्यांच्या रस्त्यावर कामगारांच्या सोयीसाठी खास केंद्रे उघडली होती. तेथे याच युनियनच्या सभासदांनी, पत्रके वाचूनही, मोठ्या संख्येने सँडर्स यांच्या बाजूने उभे राहणे पसंत केले, आणि सँडर्स यांनी ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले. ज्यांच्या मेव्हण्याला, लेकीला, शेजाऱ्याला विमा नव्हता, त्यांना हा प्रश्न वादविवादाच्या सूत्रधारांपेक्षा अधिक कळत होता. आणि मग महिना उलटण्यापूर्वी महामारीमुळे १७ मार्चला नेवाडाच्या गव्हर्नरांनी सर्व जुगारखाने बंद करण्याचा आदेश काढला. युनियनच्या जवळजवळ सर्वच सभासदांचे काम गेले. एप्रिलमध्ये त्या राज्यातील बेकारी सुमारे ३० टक्क्यांवर पोचली. नोकरीला बांधलेला विमा नोकरी गेल्यावर किती दिवस टिकतो, हा प्रश्न आता कोणत्याही व्यासपीठावर विचारण्याची गरज उरली नव्हती. युनियनने काही महिने योजना चालू ठेवली, हे तिच्या श्रेयाचेच. पण १५ मार्चला वॉशिंग्टनमधील रिकाम्या स्टुडिओत बायडेन आणि सँडर्स यांचा अखेरचा वादविवाद झाला तेव्हा उमेदवारीचा प्रश्न प्रत्यक्षात निकालात निघाला होता. एका राज्यातील पराभवानंतर पक्षाचे मध्यममार्गी उमेदवार दोन दिवसांत एकामागून एक माघार घेऊन बायडेन यांच्यामागे उभे राहिले; ३ मार्चच्या मतदानानंतर ब्लूमबर्गही तेथेच गेले. जे व्यासपीठावर एकमेकांचे वाभाडे काढत होते त्यांना एकत्र येण्यास आठवडाही लागला नाही. ८ एप्रिलला सँडर्स यांनी प्रचार थांबवला.

मायक्रोफोनचा मुद्दा येथे ओघाने येतो. २३ फेब्रुवारी १९८० रोजी न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत रेगन आणि बुश यांचा वादविवाद ठरला होता. स्थानिक वृत्तपत्राने दोनच उमेदवारांचा खर्च उचलणे निवडणूक आयोगाला मान्य नव्हते, म्हणून रेगन यांच्या प्रचार समितीने सारा खर्च भरला आणि मग इतर चार उमेदवारांनाही व्यासपीठावर बोलावले. सूत्रधाराने रेगन यांचा ध्वनिक्षेपक बंद करा असे सांगताच रेगन कडाडले: या मायक्रोफोनचे पैसे मी भरतो आहे! घाईत त्यांनी सूत्रधाराचे नावही चुकीचे घेतले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तीन दिवसांनी रेगन यांनी ते राज्य सहज जिंकले. अमेरिकन दूरचित्रवाणी हा क्षण आजही बाणेदारपणाचा नमुना म्हणून दाखवते. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात आले नाही की वक्ता बोलण्याचा हक्क नागरिक म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून मागत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान-वाहतूक नियंत्रकांच्या युनियनने रेगन यांना पाठिंबा दिला. ऑगस्ट १९८१ मध्ये ती संपावर गेली तेव्हा रेगन यांनी ११,००० हून अधिक नियंत्रकांना एका फटक्यात बडतर्फ केले.

आपल्याकडे मायक्रोफोन सरकारचा असतो, म्हणून तो सर्वांचा आहे असे कोणी मानू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मिळणाऱ्या वेळेत सीताराम येचुरी यांच्या भाषणातील राज्यकर्त्यांच्या जातीय हुकूमशाहीविषयीचे शब्द आणि जुलमी कायद्यांचा उल्लेख वगळायला लावला गेला; फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना 'मुस्लिम' हा शब्द गाळावा लागला. उमेदवार निवडण्याबाबत तर आपले भांडवली पक्ष प्राथमिक निवडणुकीचे नाटकही करीत नाहीत. तिकीट दिल्लीहून येते.

लास व्हेगासच्या रात्रीतून सर्वांत अचूक धडा घेतला तो ब्लूमबर्ग यांनी. एक अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम खर्चून त्यांच्या पदरात अमेरिकन सामोआ एवढाच एक विजय पडला होता. २०२५ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक आली. ४ जूनच्या वादविवादात नऊ उमेदवारांना विचारण्यात आले की महापौर झाल्यावर प्रथम कोणत्या परदेशाला भेट द्याल? काहींनी इस्रायलचे नाव घेतले. 'सलाम बॉम्बे!'च्या दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव, लोकशाही समाजवादी झोहरान ममदानी यांनी आपण न्यूयॉर्कमध्येच राहू, येथील लोकांच्या प्रश्नांत लक्ष घालू, असे उत्तर दिले, आणि सूत्रधारांनी लगेच त्यांची उलटतपासणी सुरू केली. बसभाडे, घरभाडे, पाळणाघर हा ज्याचा कार्यक्रम, त्याला परदेश धोरणाची परीक्षा; आणि ज्यांचे नाव पैशाशी जोडलेले, ते ती परीक्षा घरून पाहणार! १२ जूनच्या दुसऱ्या वादविवादात ममदानी यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांना आपल्या आडनावाचे एकेक अक्षर सुटे करून ऐकवले, कारण क्युओमो ते वारंवार चुकीचे उच्चारत होते. २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर राजीनामा दिलेल्या, आणि ते आरोप नाकारणाऱ्या, या गृहस्थांना त्याच वेळी आपल्यावर कधी मानहानीने राजीनामा देण्याची पाळी आलेली नाही, असेही त्यांनी सुनावले.

या खेपेस ब्लूमबर्ग व्यासपीठावर नव्हते. क्युओमो यांच्या बाजूने जाहिराती देणाऱ्या समितीला त्यांनी त्या प्राथमिक निवडणुकीत ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. पैसे देणाऱ्याला कोणी मौनाचे करार विचारत नाही, त्याला चाचरावे लागत नाही, कोणी हुर्यो उडवत नाही. २४ जूनला मतदान झाले. दारोदार फिरलेल्या हजारो स्वयंसेवकांच्या बळावर ममदानी यांनी क्युओमो यांना हरवले, ४ नोव्हेंबरला पुन्हा हरवले, आणि १ जानेवारी २०२६ रोजी महापौरपदाची शपथ घेतली. घरभाडे गोठवण्याचे जे वचन त्यांनी त्या दोन व्यासपीठांवरून दिले, त्याची मालकवर्गाशी गाठ कॅमेरे नसलेल्या खोल्यांत पडणार आहे. भाडेनियंत्रणाखालील सुमारे दहा लाख घरांतील भाडेकरूंच्या संघटना त्या खोल्यांच्या दारापर्यंत पोचतात की नाहीत, तेथे खरी मोजदाद होईल.